काचेची किंमत आणि प्रकाशाची मर्यादा

बंदुकीवर बसवायच्या दोन दुर्बिणी शेजारी शेजारी ठेवल्या, तर त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. काळी नळी, दोन्ही टोकांना काच, नेम जुळवण्यासाठी वर आणि बाजूला घुंड्या. आकडेही तेच : वस्तू तीन ते बारा पट मोठी दाखवणारी, पुढचे भिंग ५० मिलिमीटर व्यासाचे. फरक किमतीच्या चिठ्ठीवर. एक काही हजार रुपयांत मिळते, दुसरीसाठी दीड-दोन लाख मोजावे लागतात. मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे? काचेचे, कारागिरीचे की नावाचे? नेमबाजीचा छंद असणाऱ्याला पडणारा हा प्रश्न पक्षी पाहण्यासाठी दुर्बीण घेणाऱ्यालाही पडतो आणि चष्म्याच्या दुकानात दोन काचांचे दोन भाव ऐकणाऱ्यालाही पडतो.

काचेचे मोल अंदाजाने ठरवावे लागत नाही, ते गणिताने मोजता येते, हे दाखवून दिले सूतगिरणीतल्या एका कामगाराच्या मुलाने. त्याचे नाव अर्न्स्ट ॲबे. झाइस हे नाव आज चष्म्यांपासून मोबाइलच्या कॅमेऱ्यापर्यंत सगळीकडे दिसते. त्या नावामागचे विज्ञान ॲबे यांचे आहे.

ॲबे यांचा जन्म २३ जानेवारी १८४० रोजी जर्मनीतील आयझेनाख या गावी झाला. वडील सूतगिरणीत कामाला होते. पाळी चौदा तासांची. काम जास्त असले की सोळा तासांची. जेवणाची सुटी नावालाही नव्हती. लहानगा अर्न्स्ट आणि त्याची बहीण आळीपाळीने वडिलांचा डबा घेऊन जात. वडील यंत्राला टेकून उभ्या उभ्या घाईने जेवत, रिकामे भांडे पोरांच्या हातात देत आणि पुन्हा कामाला लागत. अंगाने दणकट असलेला हा माणूस पन्नाशीच्या आतच म्हातारा दिसू लागला. हे दृश्य मुलाच्या डोळ्यांसमोरून आयुष्यभर हलले नाही. आठ तासांच्या कामाच्या बाजूने साठीच्या उंबरठ्यावर बोलताना त्यांनी तेच दृश्य पुन्हा उभे केले.

मुलगा हुशार होता. गिरणीच्या मालकांनी त्याच्या शिक्षणाला हातभार लावला. येना आणि गॉटिंगेन येथे गणित व भौतिकशास्त्र शिकून १८६१ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली आणि १८६३ पासून येना विद्यापीठात शिकवायला सुरुवात केली. पगार तुटपुंजा होता आणि प्रयोगशाळेची साधने त्याहून तुटपुंजी.

त्याच गावात कार्ल झाइस यांचा सूक्ष्मदर्शकांचा कारखाना होता. १८४६ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याला १८६६ पर्यंत चांगले नाव मिळाले होते, पण झाइस समाधानी नव्हते. त्या काळी जगभरातच भिंगे अदमासाने बनत. कारागीर एक भिंग घासायचा, दुसऱ्याशी जुळवून पाहायचा, नाही जमले की तिसरे लावायचा. हात बसलेल्या कारागिराकडून उत्तम वस्तुभिंग तयार होई. तेच पुन्हा हुबेहूब होईल, याची मात्र खात्री नसे. महाग सूक्ष्मदर्शक घेणारा खरे तर कारागिराच्या चांगल्या दिवसाचे पैसे मोजत असे. झाइस यांना हे बदलायचे होते. आधी कागदावर हिशेब आणि मग काच, असे व्हायला हवे होते. त्यासाठी त्यांनी १८६६ मध्ये २६ वर्षांच्या ॲबे यांना गाठले.

ॲबे यांनी हिशेब मांडला आणि पहिल्याच फटक्यात तोंडघशी पडले. भिंगाच्या कडेने येणारे किरण प्रतिमा बिघडवतात, हे ठाऊक असल्याने त्यांनी भिंगात शिरणाऱ्या प्रकाशाचा शंकू अरुंद ठेवला. गणित बिनचूक होते आणि कारागिरांनी भिंगेही त्याबरहुकूम घासली. तरीही सूक्ष्म तपशील दाखवण्यात ती जुन्या, अदमासाने बनवलेल्या भिंगांपेक्षा कमी पडली. कारखान्याचा पैसा आणि काही वर्षांची मेहनत वाया गेल्यासारखे झाले. शास्त्रज्ञाला कामावर घेऊन झाइस यांनी चूक केली, असे कुणालाही वाटले असते.

ॲबे यांनी हिशेब फेकून दिला नाही. सदोष मानली जाणारी भिंगे जास्त का दाखवतात, याचा ते शोध घेत राहिले. उत्तर प्रकाशाच्या स्वभावात सापडले. प्रकाश ही लहर आहे. बारीक रेघोट्यांवर पडला की तो सरळ पुढे जातो, तसा बाजूंनाही पसरतो. यालाच विवर्तन म्हणतात. रेघोट्या जितक्या दाट, तितका प्रकाश जास्त कोनात फाकतो. बारीक तपशिलाची माहिती या फाकलेल्या किरणांतच असते. भिंगाने ते किरण पकडले, तर तपशील दिसतो. ते बाहेरच राहिले, तर काच कितीही निर्दोष असो, तपशील दिसणार नाही. अरुंद शंकूमुळे ॲबे यांनी नेमके हेच किरण बाहेर ठेवले होते.

१८७२ मध्ये पूर्णपणे गणिताने रचलेली वस्तुभिंगे झाइस कारखान्यातून बाहेर पडू लागली. १८७३ मध्ये ॲबे यांनी आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला. त्याचा सार असा : दोन बिंदू वेगवेगळे दिसायचे असतील, तर त्यांच्यातील अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून फार कमी असून चालत नाही. उत्तम भिंग आणि हिरवा प्रकाश घेतला, तर ही मर्यादा मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागापाशी येते. त्यापुढे प्रतिमा मोठी करता येते, पण तपशील वाढत नाही. छापील फोटो भिंगाखाली धरला की ठिपके मोठे होतात, चेहरा काही अधिक स्पष्ट होत नाही, तसाच हा प्रकार. अशा विशालनाला पोकळ विशालन म्हणतात. चांगल्या भिंगाला किती पैसे मोजावेत, याला निसर्गानेच एक रेघ आखून दिली आहे, हे ॲबे यांच्यामुळे कळले.

त्या रेघेपर्यंत पोहोचणे मात्र माणसांच्या जिवासाठी मोलाचे होते. भिंग आणि काचपट्टी यांच्यामध्ये हवेऐवजी काचेसारखाच प्रकाश वळवणारे तेल भरले, तर फाकलेले जास्त किरण आत येतात. जे. डब्ल्यू. स्टीफन्सन यांनी सुचवलेल्या या कल्पनेवर काम करून ॲबे यांनी १८७८ च्या सुमारास तेलात बुडणारे वस्तुभिंग तयार केले. वस्तूवर नीट प्रकाश टाकणारा त्यांचा कंडेन्सरही आला. ही साधने रॉबर्ट कॉख यांच्या हाती पडली. २४ मार्च १८८२ रोजी कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. या जंतूची जाडी मिलिमीटरच्या दोन-तीन हजाराव्या भागाइतकी, म्हणजे ॲबे यांच्या मर्यादेच्या जरा अलीकडे. साध्या भिंगाखाली तो हाती लागणे फार कठीण होते. महाग भिंगाने त्या दिवशी आपली किंमत कित्येक पटींनी वसूल केली. आजही ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत थुंकीचा नमुना तपासताना तंत्रज्ञ काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकतो, तो याच युक्तीने.

आता अडचण काचेचीच उरली होती. भिंग प्रकाश वळवते, पण सगळे रंग सारखे वळवत नाही. त्यामुळे प्रतिमेच्या कडांना जांभळी-हिरवी झाक येते. त्या वेळी उपलब्ध असलेल्या मोजक्या काचांनी हा दोष पुरता जात नव्हता. १८७९ मध्ये ऑटो शॉट नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने आपण बनवलेल्या नव्या काचेबद्दल ॲबे यांना पत्र लिहिले. दोघांनी वेगवेगळी द्रव्ये मिसळून काच वितळवण्याचे असंख्य प्रयोग केले आणि १८८४ मध्ये येनात काचेची वेगळी प्रयोगशाळा उभी राहिली. १८८६ मध्ये नव्या काचा आणि फ्लोराइट या खनिजाचे स्फटिक वापरून बनवलेली, रंगांचा दोष जवळजवळ नाहीसा करणारी वस्तुभिंगे बाजारात आली. निर्मळ फ्लोराइट दुर्मीळ होते. त्यासाठी ॲबे यांनी स्वित्झर्लंडचे डोंगर पालथे घातले. या भिंगांची किंमत जास्त होती आणि त्या किमतीमागचे कारण खरे होते.

काच रंगांना किती फाकवते, हे सांगणारा आकडा आज ‘ॲबे अंक’ म्हणून ओळखला जातो. चष्म्याच्या नेहमीच्या प्लॅस्टिक काचेचा तो ५८ च्या आसपास असतो, तर न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटचा जेमतेम ३०. अंक जितका कमी, तितकी कडेने पाहताना रंगीत झाक जास्त. मोठा नंबर असलेल्या माणसाला ती जाणवू शकते, लहान नंबरवाल्याला सहसा जाणवत नाही. साखर कारखान्यात उसाच्या रसातील साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटरही ॲबे यांच्याच कामातून आलेला आहे.

सूक्ष्मदर्शकासाठी कमावलेले हे ज्ञान हळूहळू मैदानात उतरले. १८९४ मध्ये झाइसच्या लोलकांच्या जोड-दुर्बिणी बाजारात आल्या. लोलकांची मूळ कल्पना इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यांनी ॲबे यांच्या चाळीस वर्षे आधी मांडली होती, पण तेव्हा तशी काच नव्हती. विसावे शतक उजाडल्यावर येनाच्या कारखान्यात बंदुकीवरच्या दुर्बिणीही बनू लागल्या.

सुरुवातीच्या दोन दुर्बिणींचा निवाडा याच हिशेबाने करता येतो. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन कळतो, म्हणजे १०० मीटरवर सुमारे ३ सेंटिमीटर अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात. बारा पटींच्या दुर्बिणीतून हेच अंतर अडीच मिलिमीटरपर्यंत येते. ५० मिलिमीटर भिंगाची स्वतःची मर्यादा तेवढ्याच अंतरावर सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते. दुर्बिणींसाठीचे हे गणित इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी ॲबे यांच्या आधीच मांडले होते. त्याचा अर्थ असा, की या भिंगातून वीस-बावीस पटींपर्यंत तपशील वाढतो. त्यापुढे पोकळ विशालन सुरू होते. स्वस्त दुर्बिणीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘चाळीस पट’ला म्हणूनच फारसा अर्थ नसतो.

दुसरी बाब उजेडाची. लेप न दिलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग असले, तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच हरवतो. १९३५ मध्ये झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप देऊन हे नुकसान खूप कमी केले. लेप नसलेली किंवा निकृष्ट लेपाची दुर्बीण संध्याकाळी लवकर आंधळी होते. तेथे चांगल्या काचेला दिलेले पैसे डोळ्याला कळतात. मात्र नव्वद टक्के प्रकाश देणारी आणि पंचाण्णव टक्के देणारी यांतला फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो. किमतीत मात्र तो दुपटीचा असू शकतो. शिवाय पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पटी, एवढाच रुंद प्रकाशझोत डोळ्यापर्यंत येतो. तीन पटींवर हा झोत सुमारे सतरा मिलिमीटरचा असतो, पण अंधारात तरुण डोळ्याची बाहुलीही सातच्या आसपासच उघडते आणि वय वाढते तशी त्याहून कमी. उरलेला प्रकाश पापणीवर पडून वाया जातो.

तिसरी बाब काचेची नाहीच. गोळी सुटताना बंदूक मागे धक्का देते. त्या धक्क्याने आतले भिंग किंवा निशाणाची खूण अंशाच्या साठाव्या भागानेही सरकली, तर १०० मीटरवर नेम ३ सेंटिमीटरने चुकतो. डोळा आणि दुर्बीण यांत आठ-दहा सेंटिमीटर अंतर राहील अशी रचना नसेल, तर नळीची कड भुवईवर आदळते. भुवई फुटण्याची ही इजा नेमबाजांना चांगली ठाऊक असते. स्वस्तातली दुर्बीण बहुधा याच ठिकाणी दगा देते. म्हणून घेणाऱ्याने पटी मोजत बसण्याऐवजी नळीची मजबुती, डोळ्यापासूनचे अंतर आणि काचेवरचा लेप पाहावा. या तिन्ही गोष्टी मधल्या किमतीतही मिळतात. पहाटे-संध्याकाळच्या अंधुक उजेडात किंवा फार लांबचे पाहायचे नसेल, तर त्यापुढच्या किमतीत हाती पडते ते थोडेच.

काही नेमबाजांना तर दुर्बीण लागतच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात दुर्बिणीला परवानगी नसते. डोळ्याजवळ बारीक छिद्र आणि नळीच्या टोकाला कडे, एवढीच सामग्री. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. तेवढ्या अंतरावर नुसत्या डोळ्याला सुटे ओळखता येणाऱ्या ठिपक्यांपेक्षाही ते लहान. तरी नेम लागतो. कारण काळे वर्तुळ कड्याच्या बरोबर मध्ये आहे की नाही, हे डोळा फार बारकाईने ओळखतो आणि छिद्रामुळे जवळचे-लांबचे दोन्ही पुरेसे स्पष्ट दिसते. बाकीचे काम श्वास, पवित्रा आणि वर्षानुवर्षांच्या सरावाचे.

चांगल्या काचेच्या किमतीत माणसाचे तास किती, हा प्रश्न ॲबे यांना काचेइतकाच महत्त्वाचा वाटे. १८७६ पर्यंत ते कारखान्याचे भागीदार झाले होते. १८८८ मध्ये कार्ल झाइस वारले. गिरणी कामगाराचा मुलगा आता श्रीमंत मालक होता. १८८९ मध्ये त्यांनी कार्ल झाइस प्रतिष्ठान स्थापन केले आणि १८९१ मध्ये आपली मालकी त्याच्या स्वाधीन करून स्वतः पगारी संचालक झाले. हा नफा विद्यापीठाच्या आणि कामगारांच्या बुद्धी-श्रमांतून आला आहे, तेव्हा त्यावर त्यांचाच हक्क, अशी त्यांची धारणा होती. १८९६ च्या नियमावलीत निवृत्तिवेतन आणि पगारी रजा आली. नोकरी देताना धर्म वा राजकीय मत पाहायचे नाही, असा नियम झाला. सर्वांत वरच्या अधिकाऱ्याचा पगार कामगाराच्या सरासरी वेतनाच्या दहापटीहून अधिक असू नये, हेही लिहून ठेवले गेले.

१९०० मध्ये त्यांनी कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला. उत्पादन घटेल, ही भीती सर्वांना होती. ॲबे यांनी येथेही मोजमाप केले. नगावर मजुरी मिळणाऱ्या २३३ कामगारांच्या दोन वर्षांच्या नोंदी त्यांनी ताडून पाहिल्या. तासाभराची कमाई सुमारे १६ टक्क्यांनी वाढली होती. दिवसाचा एक तास कमी होऊनही एकूण काम तीन टक्क्यांहून थोडे जास्तच झाले होते. थकलेला हात काच बिघडवतो आणि बिघडलेल्या काचेचा खर्च शेवटी घेणाऱ्याच्या माथी पडतो. वडिलांना उभ्याने जेवताना पाहिलेल्या मुलाने ही गोष्ट आकड्यांत सिद्ध केली.

प्रकृती ढासळल्याने १९०३ मध्ये ते कामातून निवृत्त झाले आणि १४ जानेवारी १९०५ रोजी येनात त्यांचे निधन झाले. नऊ वर्षांनी महायुद्ध पेटले. ब्रिटनची बरीचशी प्रकाशीय काच तोवर जर्मनीतूनच येत होती. खंदकांतल्या युद्धात दुर्बीण लावलेल्या बंदुका घेऊन बसलेल्या जर्मन नेमबाजांनी सुरुवातीला ब्रिटिशांना जेरीस आणले आणि ब्रिटनला स्वतःची काच बनवण्यासाठी धावाधाव करावी लागली. क्षयाचा जंतू दाखवणारे आणि समोरच्या खंदकातले डोके दाखवणारे भिंग एकाच ज्ञानातून आले होते. कशावर रोखायचे, हे भिंग ठरवत नाही.

येना विद्यापीठाच्या आवारात ॲबे यांच्या स्मारकावर त्यांचे सूत्र कोरलेले आहे. पुढे शास्त्रज्ञांनी चमकणाऱ्या रेणूंची युक्ती वापरून त्या मर्यादेला वळसा घातला आणि त्यासाठी २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले. काचेच्या साध्या दुर्बिणीला मात्र प्रकाशाची रेघ आजही तशीच लागू आहे. दुकानात दोन दुर्बिणी समोर आल्या, की दिवस मावळताना दोन्हींतून एकदा दूरच्या झाडाच्या फांद्या पाहाव्यात. तो फरक स्वतःच्या डोळ्याला दिसला आणि आपल्या कामाला लागणारा असला, तर जास्तीचे पैसे द्यावेत. तो दिसला नाही, तर ते पैसे खिशातच बरे.